मागच्या दारची मोजणी

श्रावणातल्या एका रविवारी जेवणं आटोपल्यावर नंदकिशोर दळवी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि खिडकीच्या गजांतून त्याला आपली धाकटी बहीण मागच्या दारी उकिडवी बसलेली दिसली. सुचित्राच्या हातात सुतळी होती. सुतळीचं एक टोक तिनं शेवग्याच्या बुंध्याला बांधलं होतं आणि दुसरं धरून ती कुंपणाच्या भिंतीपर्यंत मागं मागं सरकत गेली. भिंतीला पाठ लागल्यावर तिनं सुतळीला गाठ मारली. मग अनंताच्या झाडापासून भिंतीपर्यंत एक गाठ, कढीलिंबापासून नळापर्यंत आणखी एक. नंदकिशोरनं तांब्या होता तिथंच ठेवला, पाय न वाजवता परत गेला आणि कॉटवर डोळे मिटून पडला.

तो तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. स्टोअरमध्ये बारा वर्षं काढलेल्या माणसाला सख्खा भाऊ स्पॅनर मागायला आला तरी पहिल्यांदा त्याच्या खिशाकडे बघायची सवय लागते. त्यात तो दळव्यांच्या कुळातला. कोकणात त्याच्या थोरल्या काकांनी बांधावरच्या एका फणसासाठी चुलतभावाशी वीस वर्षं कज्जा चालवला होता. निकाल लागेपर्यंत फणस वाळून पडला, पण काका शेवटपर्यंत सांगत, की भांडणाची सुरुवात मोजणीनं झाली. एके दिवशी चुलतभाऊ काथ्याची दोरी घेऊन बांधावर फिरताना दिसला, आपण हसून दुर्लक्ष केलं, आणि तिथंच फसलो. ही गोष्ट नंदकिशोरनं लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती, की दोरी हातात घेतलेला नातेवाईक दिसला की काय समजायचं ते त्याच्या रक्तातच उतरलं होतं.

घर नेरूळचं, सिडकोचं, बैठं. नंदकिशोरच्या वडिलांनी, कमळाकर दळव्यांनी, निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे घालून ते घेतलं. उभा जन्म परळच्या चाळीत गेला होता. तिथं गॅलरीत एका डालड्याच्या डब्यात तुळस आणि दुसऱ्यात ओवा, एवढीच त्यांची शेती. नेरूळला मागच्या दारी वीतभर मोकळी जागा मिळाली आणि म्हातारा हरखून गेला. जागा कसली, खाजणावर मुरूम टाकून केलेली भर ती. खणलं की खारं पाणी लागायचं. शेजारी म्हणाले, इथं गवत उगवलं तरी पेढे वाटा. बाबांनी कुणाशी वाद घातला नाही. शिरवण्याची काशीबाई भाजीची पाटी घेऊन दारावर यायची, तिच्याकडून त्यांनी गावातली गोडी माती आणि शेळ्यांचं लेंडीखत पाटीपाटीनं आणवलं. दोन वर्षांत शेवगा छपराच्या वर गेला. मोरीच्या पाण्यावर अळू माजलं, अबोली फुलली, घेवड्याचा मांडव दाटला. गेल्या मार्गशीर्षात, त्याच मांडवाखाली शेंगा खुडत बसले असताना, बाबा बसल्या जागी गेले.

आई आधीच गेलेली. वारस दोनच, नंदकिशोर आणि ठाण्याला दिलेली सुचित्रा. घर नंदकिशोरच्या नावावर व्हायचं तर सुचित्राची सही लागणार होती. दळव्यांच्या घरात आजवर बहिणींनी साडीचोळीवर हक्क सोडला होता. भावानं पाटावर बसवायचं, ओटी भरायची, साडी द्यायची आणि कागद पुढं करायचा. आत्यांनी तर कागद वाचलासुद्धा नव्हता. नंदकिशोरनं महिन्याभरानं विषय काढला तेव्हा सुचित्रा म्हणाली, "करीन रे दादा. बाबांचं वर्ष होऊ दे. तोवर त्यांचं काही वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय." तेव्हा त्याला ते बरं वाटलं होतं. पोरगी बापावर माया करते म्हणून डोळ्यांत पाणीही आलं होतं. आता सुतळी दिसल्यावर त्याच वाक्यात त्याला पाणी मुरताना दिसायला लागलं. वाटून घ्यायचं नाही म्हणाली. म्हणजे वाटून घ्यायचं हे तिच्या डोक्यात होतंच.

मागचं एकेक आठवायला लागलं. तेराव्यानंतर बाबांचे कपडे काढले, तेव्हा वैजयंतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते बोहारणीसाठी बांधून ठेवले होते. चांगलं स्टीलचं पातेलं आलं असतं. सुचित्रानं ते गाठोडं मागून घेतलं. दोन धोतरं, चौकडीचे सदरे, विटकी लुंगी. भिंतीवरचं घड्याळ घे म्हटलं तर नको म्हणाली, पितळी डबा नको म्हणाली.

"ज्याला काहीच नको असतं ना अहो, त्याची नजर मोठ्यावर असते," वैजयंती तेव्हाच म्हणाली होती. तिचा पातेल्याचा राग होता हे नंदकिशोरला ठाऊक होतं, म्हणून त्यानं तिला गप्प केलं होतं. आता तो स्वतःच तिला उठवून सुतळीचं सांगायला गेला.

वैजयंतीनं ऐकून घेतलं आणि एकच आठवण करून दिली. सुचित्राचा नवरा, सुभाष, मोजणीच्या कचेरीत नकाशे काढतो. जावई दहा वर्षं त्या कचेरीत होता, त्याच्या लग्नात नंदकिशोरनंच सगळ्यांना कौतुकानं ते सांगितलं होतं, आणि ही साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही याचं त्याला नवल वाटलं.

त्यानंतर सुचित्रा आली की नंदकिशोर तिच्या मागावर असायचा. ती आली की आधी वहिनीला हातभार लावायची, पोळ्या लाटायची, आणि दुपारी हळूच मागं जायची. कधी पानं तोडून जुन्या मासिकात घालायची. कधी नुसतीच मांडवापाशी उभी राहून बोटांनी हवेत काहीतरी मोजायची. एकदा त्यानं अचानक दार उघडलं, तर तिनं हातातला कागद झटकन पदराखाली घेतला.

"काय गं ते?" त्यानं विचारलं.

"काही नाही, असंच," असं म्हणून ती हसली. लहानपणी बोरं चोरून आणली की अशीच हसायची. ताकाला जाऊन भांडं लपवायची हिची खोड जुनीच, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला तिचा फार राग आला. मागायचं तर तोंडावर माग. मी काय परका आहे?

मग त्यानं चौकशी सुरू केली. काशीबाई दारावर आली तेव्हा वांगी निवडता निवडता त्यानं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आमची सुची भेटते का हो कधी? काशीबाईला लपवाछपवीचं काही नव्हतं. "येतं ना तुजी बहीन माजेकरं," ती म्हणाली. "दोनदा आलेली शिरवन्याला. कंचा झार कंदी लावला, माती कवरी टाकली, समदा इचारून गेली." तेवढं सांगून ती वांग्यांच्या भावाकडे वळली. नंदकिशोरचं भावाकडे लक्षच नव्हतं. शिरवण्यातल्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या तेव्हापासून तिथल्या बायाबापड्यांनासुद्धा मोजणी, ताबा, वहिवाट तोंडपाठ. कोणी काय लावलं, किती वर्षं कसलं, यावरच तिथं दावे उभे राहात. आपली बहीण नेमकी तिथं जाऊन झाडांच्या तारखा गोळा करते आहे, याचा अर्थ लावायला त्याला वकील लागला नाही.

शेवटचा प्रयत्न म्हणून तो ठाण्याला सुभाषरावांच्या कचेरीबाहेर जाऊन उभा राहिला आणि त्यांना चहाला घेऊन गेला. सुभाष सरळ माणूस, खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. नंदकिशोरनं मागच्या जागेचा विषय काढला आणि त्याचे कान लाल झाले. तिचं काहीतरी चाललंय खरं, पण कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घातलीय, वर्षश्राद्धाला कळेलच, असं म्हणून त्यानं बशीत चहा ओतला आणि विषय बदलला. माप तुम्ही लावून दिलंत का, असं नंदकिशोरनं विचारलं. सुभाषनं मान खाली घातली आणि थोडंसं, म्हणाला. परतीच्या बसमध्ये नंदकिशोरनं सगळं जुळवून पाहिलं. श्राद्धाच्या दिवशी, चार पाहुण्यांच्या देखत, ब्राह्मणाच्या समोर नकाशा पुढं करायचा बेत दिसत होता. त्या दिवशी कुणाला नाही म्हणता येत नाही, हे तिलाही माहीत होतं.

खरं सांगायचं तर त्याच्याही मनात चोर होता. त्या बैठ्या घरांच्या ओळीतल्या जवळजवळ सगळ्यांनी मागची जागा झाकून घेतली होती. कुणी स्वयंपाकघर वाढवलं, कुणी मुलांना खोली काढली. बाबा असेपर्यंत दळव्यांच्या घरात तो विषय निघाला नव्हता. बाबा गेल्यावर वैजयंती दर आठवड्याला काढत होती आणि नंदकिशोर दर आठवड्याला पुढं ढकलत होता, कारण शेवग्याकडे बघितलं की त्याला घेवड्याखाली बसलेले बाबा दिसायचे. आता त्याला कारण मिळालं. बाग उरली नाही तर बागेची वाटणी कशी होणार? एकदा का तिथं भिंत उभी राहिली, छप्पर चढलं, की ते घरच झालं. मग कर म्हणावं सुतळीनं मोजणी.

वेळही आयती चालून आली. वर्ष सुतकी, त्यामुळे दिवाळी करायची नव्हती. फराळ नाही, आकाशकंदील नाही, भाऊबीजही नाही. सुचित्रा माहेरी येणार नव्हती. नामा गवंड्याला त्यानं पाडवा उलटल्यावर बोलावलं. सिमेंटचा कोबा आधी घालून घ्यायचा, भिंतींचं पुढं बघू, असं ठरलं.

नामानं कोयता घेऊन एक फेरी मारली आणि तो पुढच्या दारी विचारायला आला. जास्वंदीला कळ्या आहेत, दोन दिवस थांबू का? नंदकिशोर म्हणाला, थांबायचं काही कारण नाही. नामा गेला आणि पुन्हा आला. शेवगा ठेवायचा का, कडेलाच आहे, सावली होईल. नंदकिशोर त्याच्यावर खेकसला. मग तो पेपर उघडून ओट्यावर बसला. शेवगा पडल्याचा आवाज आला तेव्हा वैजयंती आतून बाहेर येऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. संध्याकाळी मागं सपाट ओलं सिमेंट होतं. त्याच्यावरून एक मांजर चालत गेलं होतं. नंदकिशोरला अपराध्यासारखं वाटलं, आणि तसं वाटायला लावलं म्हणून त्याला सुचित्राचा पुन्हा राग आला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सुचित्रा आणि सुभाष सकाळीच आले. सुभाषच्या खांद्यावर चादरीत बांधलेली लांब वळकटी होती. ती त्यानं सांभाळून दाराच्या आड उभी केली. नंदकिशोरनं वळकटीकडे पाहिलं आणि वैजयंतीकडे पाहिलं. एवढा मोठा नकाशा! साडी त्यानंही आणून ठेवली होती, दादरहून, अंजिरी रंगाची, काठाची. हक्कसोडीचा कागद साडीच्या घडीखाली होता. आपण कमी पडलो असं कुणी म्हणायला नको.

ब्राह्मण यायला अवकाश होता. सुचित्रानं हातपाय धुतले, ओल्या केसांची गाठ मारली आणि वहिनीला म्हणाली, "वडे तुम्ही बघा, अळू मी आणते. बाबांच्या श्राद्धाला बाबांचंच अळू." वैजयंतीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तिनं टोपली उचलली, विळा घेतला आणि मागचं दार उघडलं.

नंदकिशोर दर्भ मोजत बसला होता. तो तेच दर्भ पुन्हा पुन्हा मोजत होता. मग सुचित्रा परत आली. टोपली रिकामी होती. ती विळा जागेवर ठेवून म्हणाली, बाजारातून अळू आणायला हवं. सुभाषनं तिच्याकडे बघितलं, तो मागच्या दारापर्यंत जाऊन आला आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. तिनं आरडाओरडा केला असता तर नंदकिशोरकडे उत्तरं तयार होती. जागा कमी पडते, पोरं मोठी झाली, सगळ्यांनीच झाकलंय. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. सगळं श्राद्ध होईपर्यंत ती वड्यांच्या पिठात हात घालून बसली होती, आणि ब्राह्मणानं बाबांचं नाव गोत्रासह घेतलं तेव्हा तेवढी उठून दाराशी येऊन उभी राहिली.

पानं उठली, पाहुणे गेले. नंदकिशोरला आता राहवेना. जे काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणून त्यानं वळकटीकडे बोट केलं आणि म्हणाला, "आणलायस तर दाखव. लपवून काय उपयोग?"

सुचित्रानं त्याच्याकडे नवलानं बघितलं. मग तिनं वळकटी उचलली, मागच्या दाराबाहेर नेली आणि कोब्यावर उलगडली.

धोतर होतं ते. बाबांचं, दुहेरी करून शिवलेलं, मातीचा रंग यावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेलं. त्यावर बाबांची बाग होती. हिरव्या चौकडीच्या सदऱ्याची पानं कापून शेवगा केला होता, विटक्या लुंगीचं अळू, प्रत्येक पानाला धावदोऱ्याच्या शिरा. अबोलीची फुलं गाठीच्या टाक्यानं भरलेली. घेवड्याच्या मांडवाला साखळी टाका. नळ होता, धुण्याचा दगड होता, कुंपणाची भिंत होती, भिंतीची फुटकी वीटसुद्धा होती. नंदकिशोरनं त्या बागेला कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, पण रोज सकाळी खिडकीपाशी उभा राहून दाढी करताना त्याच्या डोळ्यांना ती पाठ झाली होती. कुठलंही झाड बोटभरसुद्धा इकडचं तिकडं झालेलं नव्हतं. प्रत्येकाचं भिंतीपासूनचं अंतर बरोबर होतं. सुतळीच्या गाठी कशाच्या होत्या ते त्याला कळलं, आणि सुभाषचे कान का लाल झाले तेही.

"ही गोधडी आजच्या दिवशी द्यायची असं ठरवून केली," सुचित्रा म्हणाली. "तुझ्याच घरात लावायची होती. बाग मागं आणि ही पुढच्या खोलीत."

त्यानं मांडवाखाली मोकळ्या राहिलेल्या जागेवर बोट ठेवलं. तिथं पाटाएवढं गोल, नुसतं धोतर होतं. एकही टाका नव्हता. हे राहिलं का, त्यानं विचारलं.

"तिथं बाबा बसायचे," ती म्हणाली. "तिथं काही उगवायचं नाही."

नंदकिशोर त्या गोलाकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली. इतकी वाटली, की तो खाली बसला. त्या गोलाच्या खाली, धोतराच्या खाली, त्यानं ओतलेलं सिमेंट होतं. मांजराची पावलं धोतराच्या कडेला दिसत होती.

वैजयंती दारात उभी होती. तिला हे सगळं लवकर संपवायचं होतं, की तिचाही धीर सुटला होता, कोण जाणे. ती आत गेली आणि साडीचं तबक घेऊन आली. वन्सं, पाटावर बसा, म्हणाली, ओटी भरते. तिचा आवाज रडका झाला होता. सुचित्रानं साडीवरून हात फिरवला. घडीखालचा कागद तिच्या बोटांना लागला तसा तिनं हात मागं घेतला आणि तबक वैजयंतीच्या हातातच परत सारलं.

"साडी राहू दे वहिनी," ती म्हणाली. मग ती भावाकडे वळली. "दादा, मला माझा वाटा हवा."

श्रावणापासून ज्या शब्दाची तो वाट बघत होता, तो हाच. कशा कशा रीतीनं ती तो बोलेल आणि आपण काय काय सुनावू, हे त्यानं बसमध्ये, स्टोअरमध्ये, आंघोळ करताना घोकून ठेवलं होतं.

"घराचा?" त्यानं विचारलं.

"घर तुझं. ते मी आजच सोडणार होते, आल्या आल्या." तिनं पायानं कोब्यावर टकटक केलं. "हा तुकडा माझा. इथला कोबा फोडायचा, शिरवण्याची माती आणायची, आणि जिथं जे होतं तिथं ते लावायचं. ते हिरवं होईल तेव्हा मी सही करीन. त्याच्या आधी नाही."

"आणि पोरांची खोली?" वैजयंतीनं दारातून विचारलं.

"ती माझ्या वाट्यात येत नाही," सुचित्रा म्हणाली. ती हसली नाही. तिचे डोळे आता भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

तिच्या प्रत्येक बोलण्यामागं इतके महिने नंदकिशोरनं दुसरंच काहीतरी शोधलं होतं. या बोलण्यामागं शोधण्यासारखं काही नव्हतं. अर्धं घर मागितलं असतं तर तो भांडला असता, कोर्टाची पायरी चढला असता, काकांसारखा वीस वर्षं लढला असता. तो उठला, आत गेला, सदरा घातला आणि चपला शोधायला लागला.

"कुठं निघालास?" सुचित्रानं विचारलं.

"नाम्याकडे. पहार त्याच्याचकडे आहे."

"आज नको," ती धोतराची कड सरळ करत म्हणाली. "श्राद्धाच्या दिवशी जमिनीला लोखंड लावू नये. उद्या सकाळी बोलव. मी राहते आज."